उंबरआळीचा गतिरोधक

जगात काही गोष्टी माणूस बांधतो आणि काही आपोआप होतात. डोंगर, नद्या, बेटं ही दुसऱ्या प्रकारात मोडतात. आमच्या उंबरआळीतला गतिरोधकही त्याच प्रकारातला.

नंदाखाल गावाच्या अलीकडे, जिथे केळीच्या वाड्या संपतात आणि इमारती सुरू होतात, तिथे आमची आळी आहे. तिच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावर एका पावसाळ्यानंतर हा उंचवटा दिसू लागला. कोणी बांधला नव्हता, कोणी मागितला नव्हता. दोन्ही बाजूंचा रस्ता दर वर्षी थोडा थोडा बसत गेला आणि मधला तेवढा तुकडा मात्र मान ताठ ठेवून राहिला. स्कूटरवाले त्यावरून उडाले, रिक्षावाल्यांनी तोंडाला येईल ते बोलून घेतलं, आणि शेवटी तक्रार बांधकाम खात्यात पोचली. खात्याने शांतपणे विचार केला. हा उंचवटा आला कुठून याची चौकशी करायची तर माणसं लागणार. त्यावर पट्टे मारायचे तर एक डबा रंग पुरणार. पट्टे मारले गेले. त्या दिवसापासून उंचवट्याचा गतिरोधक झाला आणि मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर तो दिल्याबद्दल आळीने खात्याचे जाहीर आभार मानले.

बांधकाम खात्याकडे मी कायम विस्मयाने पाहत आलो आहे तो यासाठी. आपण न केलेल्या गोष्टीला रंग देऊन आपली करून घेणं फार थोड्यांना जमतं.

या खात्याचा आमच्याकडचा प्रमुख म्हणजे फेबियन तुस्कानो. आमच्याच आळीतला, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारा. रस्ते, गटारं, मोऱ्या, बाजारातली शेड, कबरस्तानाची भिंत, आणि जी गोष्ट दुसऱ्या कुठल्याच खात्याची नाही असं सिद्ध होतं ती प्रत्येक गोष्ट त्याच्याकडे. तो लग्नाला गेला तर लोक त्याला जेवता जेवता खड्डे सांगतात. मयताला गेला तर रडणाऱ्यांतलंच कोणीतरी हुंदका आवरून तुंबलेल्या गटाराचं विचारून घेतं. तो सगळ्यांचं ऐकतो, मान हलवतो आणि बहुतेक वेळा काहीतरी करतोही, हे आमच्याकडे त्याच्याविरुद्ध धरलं जात नाही.

इतक्या वर्षांच्या नोकरीने त्याची मान कायमची खाली झुकली आहे. लाजेने नव्हे, तो रस्ता बघत चालतो. मॅनहोलचं झाकण दिसलं की ओळखीचं माणूस भेटल्यासारखा किंचित थांबतो. वर बघायची त्याला गरज पडत नाही, कारण वर जे काही आहे ते सगळं वीज खात्याकडे आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या रस्त्याचं नव्याने डांबरीकरण झालं. इतकं गुळगुळीत की म्हातारी माणसं सकाळी चपला काढून त्यावर चालून बघत होती. गतिरोधकाचा मान राखून त्याच्यावरूनही डांबर चढवलं आणि नवे पट्टे ओढले. मग फेबियनने नोकरीत पहिल्यांदाच एक कडक हुकूम काढला. पुढची पाच वर्षं हा रस्ता कोणीही, कुठल्याही कारणासाठी खोदायचा नाही. गॅसवाल्यांनी नाही, केबलवाल्यांनी नाही, पाणीवाल्यांनी तर नाहीच नाही. आळीच्या दोन्ही तोंडांना तसे फलक लागले. खाली ठळक अक्षरांत त्याचं नाव.

आणि त्याच्या मुलीचं, एलिसाचं, जानेवारीतलं लग्न ठरलं.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बाया डोक्यावर कळशा घेऊन वाजतगाजत बावीवर जातात. बाव म्हणजे विहीर. ते पाणी आणून मांडवात ठेवायचं आणि लग्नाच्या सकाळी नवरीला त्याने न्हाऊ घालायचं. पहिला तांब्या घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने ओतायचा, मग बाकीच्यांनी. याला उंबराचं पाणी म्हणतात. आमच्या आळीची बाव खरोखरच उंबराखाली होती. आता उंबर नाही आणि बावही नाही. बाव आधी झाकली गेली, उंबर मागाहून रस्ता रुंद करताना गेला. नाव तेवढं राहिलं, ते काढायला मशीन मिळत नाही.

पण बाव गेली म्हणून रिवाज जात नाही. बावीच्या जागी ड्रम आला. लग्नघराच्या फाटकात प्लॅस्टिकचा निळा ड्रम ठेवतात, त्यात टँकरचं पाणी ओततात आणि भोवती आंब्याचे डहाळे आणि फुलांच्या माळा बांधतात. बँड वाजू लागतो, लाल लुगडी नेसलेल्या बाया मांडवातून निघून फाटकापर्यंत, म्हणजे अंगणातल्या अंगणात, जातात. ड्रम कमरेइतका असतो, दोरीची काही गरज नसते, तरी दोरी लागतेच. मग फोटोवाला म्हणतो, मावशी, जरा वाकून बघा, खोल आहे असं. मावशी बघतात. हे मी कितीतरी लग्नांत पाहिलं आहे आणि दर वेळी थक्क झालो आहे. जिच्या लहानपणी प्रत्येक वाडीत बावखल होतं, त्या तळ्यात जी पोहायला शिकली, ती बाई ड्रमात खोल बघत असते आणि तिच्या तोंडावर खरोखर खोली दिसते.

फेबियनची बायको पॉलिन हौशी. तिने मांडवाच्या पडद्यांना शोभेल असा हिरवा ड्रम सांगून ठेवला होता. तो रंग दुपारच्या जेवणाला घरात जाहीर झाला तेव्हा फेबियनची आई, रेजिनाबाई, खालच्या मानेने सुक्या बोंबलाचा काटा काढत होत्या. काटा ताटाच्या कडेला ठेवून त्या म्हणाल्या, "पाणी बावीचं असेल तर पहिला तांब्या मी घालीन. ड्रमातलं असेल तर तुमचं तुम्ही बघा."

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून घर घाबरलं. रेजिनाबाई रागावल्या की संध्याकाळपर्यंत निवळतात हे सगळ्यांना माहीत आहे. शांतपणे बोललेलं मात्र त्या कधी मागे घेत नाहीत.

पॉलिनने समजावून पाहिलं. पाणी ते पाणी, टँकर तरी कुठल्या ना कुठल्या विहिरीवरच भरतो ना, असा मुद्दा तिने काढला. रेजिनाबाईंनी तो ऐकून घेतला आणि आमटी वाढायला सांगितली. पॉलिन नोकरी करणारी, फेबियन रस्त्यावर, त्यामुळे एलिसाला लहानाची मोठी आजीने केलेलं. ती संध्याकाळी बापाला एकट्याला गाठून म्हणाली, "डॅडी, डेकोरेशन तुम्हाला हवं तसं करा, जेवण हवं ते ठेवा. पहिला तांब्या मला आजीचाच पाहिजे."

फेबियनने मान खाली घातली. ती आधीच खाली होती, म्हणून एलिसाच्या लक्षात आलं नाही.

कारण बाव झाकली होती ती त्यानेच. नोकरीला नवा लागला होता, कोणाची तरी म्हैस उघड्या विहिरीत पडली आणि सगळ्या सार्वजनिक विहिरी झाकण्याचा हुकूम निघाला. आळीची बाव झाकणं हे त्याचं एकट्याच्या देखरेखीखालचं पहिलं काम. त्याचे वडील तेव्हा होते. ते कठड्याशी उभे राहून सळया बांधताना बघत होते आणि एवढंच म्हणाले की झाकायची तर झाक, पण कडी ठेव. मुलाने बापाचं ऐकून स्लॅबमध्ये दोन लोखंडी कड्या ठेवल्या. पुढे त्यावर माती आली, मुरूम आला, डांबर आलं, आणि डांबरावर डांबर.

आता बाव उघडण्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे रस्ता खोदायला मनाई होती आणि मनाई करणारा तोच होता. या बाबतीत त्याने काही दिवस स्वतःशी वाटाघाटी केल्या. अर्जदार म्हणून त्याची बाजू भक्कम होती, पण अधिकारी म्हणून तो हटेना. दुसरी अडचण मोठी होती. बाव नेमकी कुठे आहे हे त्याला आठवत नव्हतं.

हसण्यासारखं यात काही नाही. तेव्हा रस्ता बैलगाडीपुरता होता. मग तो एका बाजूने रुंद झाला, मग दुसऱ्या बाजूने, मग वळण काढून सरळ केला, मग एका इमारतीसाठी पुन्हा वळवला. कुंपणं मागे सरली, फाटकं फिरली, तुस्कानोंचं जुनं घर पाडून त्याच जोत्यावर नवं आलं, ताडीच्या दुकानाचं औषधाचं दुकान झालं. त्या एका जोत्याखेरीज खुणेला म्हणून एक गोष्ट जागेवर राहिली नाही. स्वतःच्या हाताने झाकलेली बाव स्वतःच्याच रस्त्याखाली हरवणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे, त्याला एका खात्याचं अनेक वर्षांचं सातत्य लागतं.

मार्ग काढला कल्पेशने. कल्पेश खात्यातला नवा अभियंता, फुलपाड्याहून बाइकवर येणारा, अजून मान वर असलेला. तो म्हणाला, "सर, खोदणं वेगळं आणि चाचणी खड्डा वेगळा. आपण खोदत नाही, आपण चेक करतोय." फेबियनला हे पटलं नाही, पण आवडलं.

मग आळीला विचारून झालं. आळीने मनापासून मदत केली. जितकी घरं तितक्या जागा निघाल्या. त्यांतली सगळ्यात खात्रीची जागा जयरामची. जयराम हा खात्याचा मुकादम, खाडीकडच्या भातशेतीवाल्या घरातला. त्याच्या बोलण्यात शंका म्हणून कधी नसते. औषधाच्या दुकानासमोर पाय आपटून तो म्हणाला, "हितंच हाय, साहेब. डोळे मिटून सांगतो." फेबियन म्हणाला की आधी उघड, मग सांग. जयरामने डोळे उघडले आणि तीच जागा सांगितली.

खड्डा घेतला. मी खुर्ची टाकून बसलो होतो, पण लवकरच उभा राहिलो. रस्त्याच्या पोटात काय असतं हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. डांबराखाली डांबर, त्याखाली आणखी जुनं डांबर, मग खडी, मग पुन्हा रस्ता. एक टेलिफोनची केबल, जिला आता कोणी विचारत नाही. एक कोरडा नळ. त्याच्या शेजारी एक ओला नळ, जो कुठून येतो आणि कुठे जातो हे पाणीवाल्यांना फोन करून विचारलं तर त्यांनीच आम्हाला विचारलं. त्याखाली तांबडी माती, मातीत चाकोरी, बैलगाडीची, जशीच्या तशी. आणि सगळ्यांच्या खाली पांढरी रेती आणि शिंपले. समुद्र एके काळी इथे होता. तो कधी गेला याची खात्याकडे नोंद नाही. जयरामने एक शिंपला उचलून पुसला आणि खिशात टाकला. बाव मात्र नव्हती.

दुसरा खड्डा शाळेकडच्या वळणावर घेतला. तिथे एक मॅनहोल सापडलं, झाकणासकट, खात्याच्या छापाचं. आत स्वच्छ, कोरडं, कुठल्याही नळाला, गटाराला न जोडलेलं. कल्पेश गुडघ्यांवर बसून बराच वेळ आत बॅटरी फिरवत राहिला आणि त्याने विचारलं की सर, हे कुठे जातं. फेबियन म्हणाला, कुठेच नाही, ते फक्त आहे. कल्पेशने झाकण हळूच, आवाज न करता परत लावलं.

मग एक मशीन भाड्याने आलं. जमिनीखाली पोकळी असली की ते वाजतं असं सांगण्यात आलं. ते आळीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत न थांबता वाजलं.

इथे फेबियन थांबला. खड्डे त्याने स्वतः उभं राहून बुजवून घेतले, वर डांबर इतकं नीट लावलं की जागा ओळखू येईना. पॉलिनला म्हणाला की ड्रम मागव. आईला काही सांगितलं नाही. सांगण्याची गरज नव्हती, ती खिडकीत बसूनच सगळं बघत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर मांडवात बाया जमल्या. हवेत गारवा होता. बँडवाले निळ्या कोटांत उभे होते, फाटकात हिरवा ड्रम सजून बसला होता, दोरी तयार होती. फेबियन मांडवाच्या खांबाला टेकून जमीन बघत होता. उद्या सकाळी मुलीच्या डोक्यावर पहिला तांब्या कोणाचा, हा प्रश्न घरात त्या दिवशी कोणी तोंडाने काढत नव्हतं. एलिसा मेंदीचे हात पुढे धरून आजीच्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

रेजिनाबाई बाहेर आल्या. लाल लुगडं, कानात जुनी कर्णफुलं, डोक्यावर तांब्याची कळशी. बँडने सूर धरला. त्या चालत फाटकापर्यंत आल्या आणि ड्रमाच्या बाजूने पुढे निघाल्या.

पॉलिन म्हणाली, "आई, ड्रम इकडे आहे."

"दिसला," रेजिनाबाई म्हणाल्या आणि रस्त्यावर आल्या.

मग त्यांनी मागे वळून बँडवाल्यांना हात केला. बँड बंद पडला. त्या परत दाराच्या उंबरठ्यापर्यंत गेल्या, तिथे उभ्या राहिल्या आणि त्यांनी गाणं सुरू केलं. त्यांच्या वयाच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं, मग एकीने सूर दिला, मग दुसरीने. हे गाणं मी ड्रमाच्या लग्नांत कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं, ते अंगणात मावत नाही.

ते पाण्याला जाण्याचं गाणं होतं. पहिलं कडवं उंबरठ्याचं, घराची रजा घेणारं. पुढचं शेजारच्या घराचं, त्या घरच्या बाईला हाक मारणारं. मग ताडीवाल्याचं, त्याची मस्करी करणारं. मग क्रुसाकडे जाणाऱ्या पायवाटेचं. वाटेवर जे जे लागायचं त्याचं एकेक कडवं. ती घरं आता नव्हती, ताडीवाला केव्हाच कबरस्तानात गेला होता, पायवाटेवर सात मजली इमारत उभी होती. बाया तिच्यासमोरून पायवाटेचं कडवं म्हणत गेल्या आणि वॉचमनने उभं राहून सलाम केला. डोक्यावर कळशी असली की बाईच्या चालीला एकच वेग असतो, तो ना वाढतो ना कमी होतो. बँडवाले बगलेत कर्णे धरून मागून येत होते. त्यांच्या मागे रिक्षा, टेम्पो, शाळेची एक बस. कोणी हॉर्न वाजवला नाही. का ते मला सांगता येणार नाही. मी त्या रस्त्यावर इतकी वर्षं राहतो आणि तिथे इतकी शांतता कधी ऐकली नव्हती.

शेवटचं कडवं आलं.

उतरा गो कळशा, आली बाव,
पाणी आपली वाट बघतंय.

ओळ संपली आणि बाया थांबल्या. सगळ्यांचे हात एकाच वेळी वर गेले, कळशा एकाच वेळी खाली आल्या आणि पट्ट्यांवर ओळीने टेकल्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या स्वतःच चकित होऊन पायाखाली बघत होत्या.

त्या गतिरोधकावर उभ्या होत्या.

जयराम धावत आला. म्हणाला, "आजीबाय, हा स्पीडब्रेकर हाय. हितं कळश्या नका ठेवू, मागं बस हाय." रेजिनाबाई हलल्या नाहीत. गाणं संपलं होतं, आणखी कुठे जायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

फेबियन खाली बघत होता. कळशांची ओळ बघत होता, मग तिच्या अलीकडचा बसलेला रस्ता, मग पलीकडचा बसलेला रस्ता. त्याने कल्पेशला विचारलं की हा गतिरोधक कोणी बांधला. कल्पेश म्हणाला की तो यायच्या आधीपासून आहे. जयरामला विचारलं. जयराम म्हणाला की तो पण यायच्या आधीपासून असेल, आपण फक्त पट्टे मारतो, दर वर्षी, चांगले दोन हात. बोलता बोलता जयरामचा आवाज बारीक होत गेला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा शंका आली होती आणि ती त्याला पेलत नव्हती.

खात्याचा प्रत्येक रस्ता बसतो. हे फेबियनला आमच्यापेक्षा जास्त माहीत. आजूबाजूचं सगळं बसल्यावरही जे बसत नाही, ते खात्याने एकदाच बांधलं होतं. अंगात हौस असलेल्या एका पोराने, सांगितल्याच्या दुप्पट सळया घालून.

तो मनाईच्या फलकाकडे गेला नाही, पण फलक तिथून दिसत होता आणि त्यावरचं नावही वाचता येत होतं. कल्पेश जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, चेक करतोय असं म्हणायचं का?"

"नाही," फेबियन म्हणाला. "खोदतोय."

जेसीबी मागच्या गल्लीत गटाराच्या कामावर होता. जयराम तो घेऊन आला तोवर ही बातमी वाड्यांपर्यंत पोचली होती. बायांनी ड्रमाच्या माळा सोडवून जेसीबीच्या हाताला घातल्या. ड्रायव्हर उत्तरेकडचा, नवा. त्याने विचारलं की कुणाचं लग्न आहे, आणि उत्तर ऐकून यंत्राला नमस्कार केला.

डांबराचे थर पापुद्र्यासारखे निघाले. त्यांखाली स्लॅब दिसला तेव्हा फेबियन पुढे झाला आणि त्याने हाताने माती सारली. एक तडा नव्हता. कोपरे धारदार होते. आळीतल्या लोकांनी खात्याचं इतकं भक्कम काम कधी पाहिलं नव्हतं, ते एकमेकांना दाखवत होते. खात्याने एकच गोष्ट टिकेल अशी बांधली होती आणि ती पाण्यावरचं झाकण होती. फेबियनच्या तोंडावर अभिमान होता आणि तो कुठे लपवावा हे त्याला कळत नव्हतं. मग कड्या सापडल्या. गंजल्या होत्या, पण धरून होत्या. त्याने एका कडीत बोट घालून ओढून पाहिलं. मग साखळी लावली.

स्लॅब उचलला गेला तेव्हा जमिनीतून एक श्वास आला. थंड, दगडाचा आणि शेवाळाचा वास असलेला. ड्रायव्हरने स्लॅब बाजूला टेकवला आणि कोणी न सांगता इंजिन बंद केलं.

आम्ही पुढे सरकलो. मग जिथे होतो तिथेच थांबलो.

बाव भरलेली होती. काळ्या दगडांचं गोल तोंड, आणि त्यात थोडं खाली पाणी. ते इतकं स्वच्छ होतं की पहिल्यांदा ते दिसलंच नाही, दिसले ते आतले दगड, एकाखाली एक, जात जात हिरवे आणि मग काळे होईपर्यंत. काठावरून मातीचा एक खडा सुटला, पडला, आणि तेव्हा पाणी हललं. वलयं दगडांना लागून परत आली. इतकी वर्षं आम्ही त्याच्यावरून भाजी आणत होतो, रिक्षा थांबवत होतो, पट्टे मारत होतो. टँकर यायचे ते याच्यावरूनच, गतिरोधकाला हळू होऊन. आणि ते खाली, काळोखात, कोणी मागितलं नसताना, दर पावसाळ्याला भरत होतं.

वलयं शांत झाली. मग त्यात जानेवारीचं आभाळ आलं, माडाची दोन टोकं आली, आणि कडेने आम्हा सगळ्यांची तोंडं. फेबियन वाकून बघत होता. खाली बघतानाच त्या माणसाने वरचं आभाळ पाहिलं. घार जात होती, तिच्याबरोबर त्याची नजर या काठापासून त्या काठापर्यंत गेली.

कल्पेशचा आवाज आला की आसपासच्या सगळ्या बोअरिंगचं पाणी खारं झालंय, हेही झालं असेल. बोअरिंगचं ते खरंच होतं. दोरी ड्रमापाशी राहिली होती. एलिसा मेंदीचे हात विसरून पळाली आणि ती घेऊन आली.

रेजिनाबाईंनी कळशीला फास घातला. हाताला सवय अजून होती, कळशी आडवी पडून बुडाली, भरली, वर आली. त्यांनी ओंजळ भरली आणि कोणी अडवायच्या आत प्यायल्या. आळी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तोंडावरून काही कळत नव्हतं. त्यांनी दुसरी ओंजळ भरली आणि मुलाच्या ओठांपाशी नेली. फेबियन, आमच्या बांधकाम खात्याचा प्रमुख, मनाईच्या फलकाच्या नजरेसमोर, खोदलेल्या रस्त्यात गुडघे टेकून आईच्या हातून पाणी प्यायला.

"गोडं," रेजिनाबाई म्हणाल्या.

बँडमास्तरने कर्णा तोंडाला लावला, पण त्यालाही वाजवावंसं वाटलं नसावं. कळशा भरत राहिल्या, तेवढाच आवाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यापलीकडे बायांचं गाणं चाललं होतं. आम्ही पुरुष बाहेर चहा घेऊन उभे होतो. गाणं एकदम थांबलं. पाणी पडल्याचा आवाज आला, मग एलिसाची किंकाळी, कारण पाणी इतक्या वर्षांचं थंड होतं, आणि मग सगळ्या बायांचं हसणं. त्यात रेजिनाबाईंचं ओळखू येत होतं. फेबियनने हातातली बशी खाली ठेवली.

आता या गोष्टीला वर्ष होत आलं. मनाई मोडून रस्ता खोदल्याबद्दल फेबियनने स्वतःला कारणे दाखवा नोटीस बजावली. त्याचा खुलासा वेळेत आला, पण तो त्याला समाधानकारक वाटला नाही. प्रकरण विचाराधीन आहे. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला आहे, अहवाल यायचा आहे, तोवर आळी ते पिऊन बघते आहे. रस्त्याच्या मधोमध विहीर असू शकत नाही, असा नियम आहे, म्हणून खात्याने तिच्याभोवती दगडी कठडा घालून, वर जाळी बसवून, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या लावून कागदावर तिला वाहतूक बेट केलं आहे. गाड्या पूर्वीपेक्षा जास्त हळू जातात. काही तर थांबतात.

सकाळी ऑफिसला जाताना फेबियन कठड्यावर हात ठेवून जाळीतून आत बघत उभा असतो. मी एकदा जाऊन विचारलं, काय बघतोस. म्हणाला, तपासणी. आणि थोडं सरकून त्याने मला जागा करून दिली.